शिवेपलीकडची भट्टी

माझं पीठ भाऊंनी गोठ्यातल्या घमेल्यात ओतलं, तेव्हा ते फुगून दुप्पट झालं होतं. तांबू गाय आधी बिचकली. मग तिने एकदा हुंगलं, जीभ लावली आणि तोंड खाली घालून जी सुरू झाली ती वर बघेना.

"परबांच्या घरात पावाचा पीठ मळूचा नाय," भाऊ म्हणाले. माझ्याकडे न बघता, गाईला सांगितल्यासारखं.

भाऊ म्हणजे माझे थोरले दीर, गोविंद परब. गावच्या मानकऱ्यांतले. देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा आणि सणासुदीला ग्रामदेवतेचा नैवेद्य जायचा तो आमच्याच चुलीवरून. त्यांना मी भावोजी म्हणायची, तेही पदराआडून. त्या काळी थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायची रीत नव्हती, आणि माझं तोंड तर मुळातच वर असायचं, म्हणून मला ती रीत जरा जास्तच जड जायची.

"पाव नाय तो," मी पदराआडून म्हटलं. "फोकाचा म्हणतत तेका. इटलीतली भाकरीच ती, जाडी."

"माडी घालून आंबवलंस मां?"

मी पदर आणखी पुढे ओढला. माडी घातली होती.

"मगे झाला तर," भाऊ म्हणाले. "देवाचो निवेद ह्याच घरातसून जाता."

आमच्या सासूला सगळे आये म्हणत. ती पडवीतून सगळं ऐकत होती. तिच्या माहेरी, गोव्याच्या शिवेवर, जुन्या काळी कोणीतरी विहिरीत पाव टाकला होता म्हणे. त्या विहिरीचं पाणी प्यायलेली भावकी बाटली, आणि त्यांच्याशी रोटीबेटी तुटली ती तुटलीच. ही गोष्ट आयेने मला इतक्यांदा सांगितली होती की, त्या विहिरीचा काठ मला डोळे मिटून दाखवता आला असता. कणकवलीच्या बाजारातला पाव पोरं खायची, पण बाहेरच्या बाहेर. उंबऱ्याच्या आत पाव आला नव्हता, मग मळणं तर सोडाच.

आणि हे सगळं चाललं असताना माझा नवरा, दिगंबर, पडवीच्या खांबाला टेकून भिंतीकडे बघत बसला होता.

दिगू पंधरा वर्षं इटलीच्या एका प्रवासी जहाजावर पाववाला होता. जिनोआ बंदरात राहून तो फोकाचा करायला शिकला. सुट्टीवर आला की रात्रभर त्याच गोष्टी: पीठ कसं सैल हवं, तेल कसं सढळ हवं, बोटांनी खड्डे कसे पाडायचे. त्याच्या बोलण्यावर मी हसायची. बायकोपेक्षा पिठाचं कौतुक जास्त, म्हणायची. मग एक दिवस जहाजावरच्या मळायच्या मशिनीत त्याचा उजवा हात गेला. तीन बोटं तिथेच राहिली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं घेऊन दिगू घरी परत आला, आणि त्या दिवसापासून त्याने पिठाचं नाव काढलं नाही. बाजारात जाईना, कोणाशी बोलेना. भाऊ म्हणायचे, बसू दे त्याला, मी आहे पोसायला. भाऊंनी ते मनापासून म्हटलं होतं, हे खरं. पण माझ्या डोळ्यांदेखत माझा नवरा खांबाला टेकून टेकून खांबच होत चालला होता, आणि ते मला बघवत नव्हतं. म्हणून मी पीठ मळायला घेतलं होतं. त्याच्यासाठी. आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही, कारण चाळिशीच्या आत मला एका जिवंत माणसाची विधवा व्हायचं नव्हतं.

भाऊ पाठ फिरवून गेले तशी मी घमेल्याकडे धावले. तांबूच्या जिभेखालून एक मूठभर पीठ ओढून काढलं. तिने माझ्याकडे फार वाईट नजरेने बघितलं. ते पीठ मी बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि डबा गवताच्या उडवीत खुपसला. रोज शेण काढायला जाताना त्यात चिमूटभर पीठ आणि घोटभर पाणी घालायची. माडी बंद झाली, पण एकदा जीव धरलेलं पीठ आपल्या आपण जगतं, हे मला दिगूनेच कधीतरी सांगितलं होतं.

पण भाऊंना कुठून तरी वास आला असावा. पुढच्या सोमवारी देवळात त्यांनी सगळ्या गावासमोर गाऱ्हाणं घातलं. "ह्या शिवेच्या आत, माझ्या घरात, आंबवलेलो पाव कोणी भाजूचो नाय, तशी बुद्धी दी रे म्हाराजा!" आणि सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा." देवासमोर एकदा व्हय म्हटलं की ते मोडायची आमच्याकडे कोणाची छाती नाही. घरी परतताना मी डोक्यात एकच शब्द घोळवत होते. शीव.

कारण मार्गशीर्षात गावपळण होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावात दर तीन वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळं गाव घरंदारं बंद करून शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन रात्री गावात चूल पेटत नाही. गाव देवाचं. लोक राहुट्या ठोकून बाहेर राहतात, मासे पकडतात, गाणी म्हणतात, भांडणं विसरतात किंवा नवी काढतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा, आणि देवाने होकार दिला की आत.

आमच्या गावाची शीव म्हणजे एक व्हाळ, गुडघाभर पाण्याचा. पलीकडे मोकळा माळ. गाव दर वेळी त्याच माळावर येऊन राहायचं. आणि तो माळ माझ्या बाबांचा होता. माझं माहेर शेजारच्या गावातलं. तीन वर्षांनी एकदा परबांचं अख्खं गाव माझ्या बापाच्या जमिनीवर झोपायचं, पण ते कधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं, त्या सोमवारपर्यंत.

ढोल वाजले, गाव निघालं. आमच्या बैलगाडीत गोधड्यांखाली मी गव्हाच्या पिठाची गोणी घातली होती. आयेच्या मांडीवर तिची बरणी, खारातल्या कैऱ्यांची. ती बरणी ती कोणाच्या हातात देत नसे, घरात आग लागली असती तरी आये बरणी घेऊनच बाहेर आली असती. तांबू गाडीमागे चालत होती. तिच्या गळ्यात मी एक फडकं बांधलं होतं, आणि त्या फडक्यात बोर्नव्हिटाचा डबा. भाऊंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, मीठ. आणि सगळे पुढे बघून चालू लागले.

राहुटी ठोकून झाल्यावर मी व्हाळाकाठची चिकणमाती टोपलीत भरायला लागले. दिगू एका दगडावर बसून बघत होता.

"ह्या काय करतस?"

"भट्टी."

त्याने उजवा हात पंचाखाली सरकवला. मग म्हणाला, "माझो हात गेलो गो, शालन."

"तोंड आसा मां?"

"तोंडान पीठ मळतलंय?"

"तू सांग. मी मळतंय."

मी माती कालवली, भाताचा भुसा घातला आणि कुंभाराच्या चाकावर जन्मलेली असल्यासारखी थाटात भिंत रचायला घेतली. वीतभर उंच झाली आणि बसली. पुन्हा रचली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा भिंत कलायला लागली तेव्हा दगडावरून आवाज आला.

"आत वाळू भर. ओल्या वाळूचो ढीग कर आणि त्येच्यावर माती लाव. सुकली की वाळू काढ."

मी मान वर केली नाही. केली असती तर तो पुन्हा गप्प झाला असता. नुसती टोपली घेऊन वाळू आणायला गेले. परत आले तर दिगू डाव्या हाताने मोडकी कौलं गोळा करून तळाला बसवत होता.

इटलीहून एका सुट्टीत येताना त्याने ऑलिव्हच्या तेलाचा एक मोठा डबा आणला होता. ते तेल आयेच्या गुडघ्यांत गेलं. दोन पावसाळे ती रोज चोळत होती आणि सांध्यांना उत्तम आहे म्हणून शेजारणींनाही देत होती. रिकामा डबा मात्र मी जपून ठेवला होता. दिगूने तो कापून, ठोकून त्याच्या दोन ताटल्या केल्या. तेल घरच्या खोबऱ्याचं. दिगूने बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "चलात."

पहिल्या रात्री भट्टीत बारीक जाळ करून ती सुकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ भिजवलं. थंडी होती, पीठ काही हलेना. मी ते पातेलं गोधडीत गुंडाळून तांबूच्या पोटाला टेकवून ठेवलं. ती रवंथ करत बसली होती. ऊब मिळाली तसं पीठ चढायला लागलं. अधूनमधून तांबू मान वळवून हुंगायची आणि मी तिला दटावायची.

तोवर मी पाट्यावर वाटायला बसले. भाजलेला सुका जवळा, लसूण, लाल मिरची आणि ओलं खोबरं, त्याची भरड चटणी. काजू, कोथिंबीर आणि हिरवी मिरची, ही दुसरी. जिनोआत हिरव्या पानांची अशीच काहीतरी वाटतात, असं दिगू म्हणाला. मग निखाऱ्यात दोन वांगी भाजून त्यात आमसुलाचा कोळ आणि कच्चा कांदा. आये राहुटीच्या दारात बरणी घेऊन बसली होती. सगळं बघत होती आणि काही बघत नसल्यासारखी जपमाळ ओढत होती.

दुपार कलली. पीठ ताटलीत पसरलं, वर तेल ओतलं, आणि दिगूने कधी काळी सांगितलेलं आठवून मी बोटांनी हळूहळू खड्डे पाडायला लागले.

"अशे नाय," तो म्हणाला.

मी पुन्हा केले.

"अशे नाय गो! सरक." त्याने मला खांद्याने बाजूला ढकललं. उजवा हात, तोच हात जो तो घरातसुद्धा पंचाखाली लपवून ठेवायचा, त्याने उघड्यावर काढला आणि ती दोन बोटं थेट तळापर्यंत पिठात रोवली. मग पुन्हा. मग पुन्हा. पीठ त्याच्या बोटांभोवती हलत होतं, खड्ड्यांत तेल साचत होतं. "खोल जावक् व्होया," तो म्हणाला. "ताटलीचो पत्रो बोटाक लागाक व्होयो." ताटलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो थांबला नाही. वर मिठाचं पाणी शिंपडलं, कांद्याच्या चकत्या पसरल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दोन बोटां पुरतत."

मी तोंड फिरवलं. धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं. भट्टीचं तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला होतं.

फोकाचा बाहेर आला तेव्हा कडा तांबूस, वर कांदा करपल्यासारखा गोड झालेला, आणि वास असा की माळावरचं भजन ओळीच्या मध्येच थांबलं. शेजारच्या राहुटीतला रामा घाडी पहिला आला. तुकडा तोडला, जवळ्याची चटणी लावली, खाल्ला आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला. मग बाकीचे आले. आणि त्यांच्या मागून भाऊ.

"देवासमोर गाऱ्हाणा घातलेला विसारलंस?" ते दिगूला म्हणाले.

दिगूची मान खाली गेली. सवयीने गेली. ते बघितलं आणि माझ्या डोक्यावरचा पदर मी माझ्या हाताने खाली घेतला.

"भावोजी," मी म्हटलं, "गाऱ्हाण्यात तुम्ही काय सांगितलात? शिवेच्या आत. शीव थय ऱ्हवली, व्हाळाकडे. हयसर ना तुमचा घर, ना तुमची चूल."

भाऊंशी असं कोणीच बोललं नव्हतं, पुरुषांतही.

"आणि ही जमीन कोणाची?" मी म्हटलं. "माझ्या बापाशीची. तुम्ही हयसर पावणे आसात. पाव्हण्यान यजमानाच्या चुलीत बगू नये."

भाऊंचा चेहरा लाल झाला. पण ते ओरडले नाहीत. भाऊ ओरडणाऱ्यांतले नव्हतेच, म्हणून तर त्यांची भीती वाटायची. "बरा," ते म्हणाले. "शिवेभायर काय तां करा. पण परत येताना भट्टी मोडून येवा. भट्टी ऱ्हवली तर माझ्या उंबऱ्यार पाय ठेवू नको. तू पण नाय आणि तो पण नाय."

त्या रात्री दिगू आणि मी भट्टीच्या उबेला बसलो. मी विचारलं, मोडायची का? तो म्हणाला, तू सांग. मी म्हटलं, हात तुझे, तू सांग. तो काटकीने निखारे ढोसत राहिला, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. घर, देव, भावकी, सगळं त्या व्हाळाच्या पलीकडे होतं. माझ्या नादाने त्याचं सगळंच जाणार होतं. हातापाठोपाठ घरही.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला. राहुट्या उतरल्या, गाड्या भरल्या. व्हाळाच्या काठावर सगळं गाव उभं राहिलं आणि भाऊंनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां तीन रात्री भायर काढून परत येतत. वाकडां-नाकडां काय आसात तां दूर कर, गुराढोरांक, पोराबाळांक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

गाव पाण्यात उतरायला लागलं. मी भट्टीजवळ उभी होते. गाऱ्हाणं बाईमाणसाने घालायचं नसतं. मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, आणि पाण्यात उतरलेली माणसं थबकली. "मी शालन, परबांची धाकटी सून. माझ्या घोवाचो हात मशिनीत गेलो, पण तेची विद्या गेली नाय. ती विद्या शिवेच्या आत चलणा नाय, तर शिवेभायर चलांदे. आमची भट्टी पेटती ऱ्हवांदे. आणि गावात ज्येका भूक लागात, तेका व्हाळ ओलांडूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला व्हय म्हणणारा नसेल तर ते हवेत जातं. व्हाळाच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. रामा घाडीने भाऊंकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी हात जोडलेलेच ठेवले. ते सोडले असते तर संपलंच होतं.

"व्हय म्हाराजा!"

मागून आला तो आवाज. दिगूचा. वर्षभर ज्या माणसाचा आवाज शेजारच्या खोलीत जात नव्हता, त्याचा आवाज व्हाळ ओलांडून पलीकडच्या बांबूच्या बेटावर जाऊन परत आला. तो गाडीवरून उतरला होता. हातात आमची एक गोधडी आणि पिठाची उरलेली गोणी.

भाऊ वळले नाहीत. गाव आत गेलं. आम्ही दोघं माळावर राहिलो, आणि तांबू, कारण ती भट्टीपासून हलायलाच तयार नव्हती. ओढून ओढून भाऊंचा गडी दमला आणि सोडून गेला.

संध्याकाळी आम्ही दुसरा घाणा लावला. खायला माणूस नव्हतं, पण दिगू म्हणाला, भट्टी थंड करायची नाही. तो बाहेर काढतोय तोच व्हाळात पाणी वाजलं. आये येत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बरणी. तिला पाण्यातून यायला बराच वेळ लागला. मी मदतीला धावले तर तिने काठी उगारली. येऊन ती माझ्या पाट्यापाशी बसली, बरणीचं फडकं सोडलं आणि खारातल्या दोन कैऱ्या ताटलीत ठेवल्या.

"शिवेच्या आत मी ह्या खावचंय नाय," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवतंय."

"बरा, आये."

"माज्या घरात तर नायच नाय."

"नाय, आये."

"मगे दी."

तिने तुकडा घेतला, वर कैरीची फोड ठेवली आणि सावकाश चावत राहिली. तिच्या माहेरच्या विहिरीचं काय झालं ते मी विचारलं नाही. खाऊन झाल्यावर तिने दिगूचा तो हात ओढून घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि त्याच्यावरचं पीठ आपल्या पदराने पुसलं. मग उठून परत शिवेच्या आत गेली. बरणी तिथेच राहिली.

त्यानंतर आम्ही व्हाळ ओलांडून गावात राहायला गेलो नाही, माळावरच राहिलो. आधी खोपटी, मग चिऱ्याच्या भिंती, मग कौलं. मालवणच्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे थांबायला लागल्या. गावातली माणसंही यायची, आधी अंधार पडल्यावर, मग दिवसाउजेडी. भाऊ तेवढे आले नाहीत.

तीन वर्षांनी पुन्हा ढोल वाजले. गावपळण. आणि गाव कुठे जाणार? दुसरा माळच नव्हता. सगळं गाव गुराढोरांसकट आमच्या दारात येऊन राहिलं. भाऊंची राहुटी आमच्या भट्टीपासून हाकेच्या अंतरावर पडली. पहिल्या दिवशी ते तिकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने दिशा बदलली आणि भट्टीचा सगळा वास त्यांच्या राहुटीत शिरला. तिसऱ्या दिवशी दुपारी ते उठले, हातात केळीचं पान घेऊन चालत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"शिवेभायर आसंव मां?" ते म्हणाले.

"आसात, भावोजी."

त्यांनी पान पुढे धरलं. दिगूने भट्टीतून ताटली ओढली. कांदा अजून चरचरत होता. मी चांगला मोठा, मधला, खड्ड्यांत तेल साचलेला तुकडा तोडला, जवळ्याची चटणी लावली, कडेला आयेच्या बरणीतली फोड ठेवली, पण तुकडा ताटलीतच राहू दिला. सगळं गाव बघत होतं. भाऊ मानकरी. पहिला मान त्यांचा, हे लहान पोरही सांगेल.

मग मी आणखी एक तुकडा तोडला, चटणीशिवाय, भाऊंच्या समोरून गेले आणि तो तांबूच्या तोंडात घातला. गाईला घास आधी घालायची रीत, तिला मानकरीही नाही म्हणू शकत नाही. ती डोळे मिटून खात होती. ती संपवेपर्यंत भाऊ पान हातात धरून उभे राहिले. मग मी वळले आणि त्यांना वाढलं.